काकूंनी सही केली नाही

गाडी शिकायला पहिल्यांदा आलेल्या माणसाला काकू एकच गोष्ट सांगायच्या. "घाबरायचं काम माझं. तुम्ही फक्त समोर बघा." मग गाडी गचके खात निघाली की त्यांचा आवाज सुरू व्हायचा. "क्लच! अहो, क्लच! तो पाय तिथे झोपायला ठेवलाय का?" हा आवाज बंद काचांमधूनही फुटपाथवर ऐकू जायचा. कोणीतरी त्यांचं नाव क्लचकाकू पाडलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

ड्रायव्हिंग स्कूल त्यांनी काही हौसेने काढलं नव्हतं. लग्न झालं तेव्हा कॉलेज अर्ध्यावर सुटलं. नवरा इलेक्ट्रिशियन. शिडी, वायरींची भेंडोळी आणि ड्रिलचं खोकं सांभाळत स्कूटरवरून फिरताना त्याची दैना व्हायची, म्हणून त्याने एक जुनी व्हॅन घेतली. पण स्टिअरिंग हातात आलं की त्याला दरदरून घाम फुटायचा. उघड्या तारेला न घाबरणारा माणूस चौकातल्या सिग्नलला घाबरायचा. शेवटी गाडी काकू शिकल्या, नवऱ्याला कामावर सोडत-आणत राहिल्या, मग शेजारच्या दोघी-तिघींना शिकवलं आणि बघता बघता दारावर पाटी लागली.

लेकीच्या विद्यापीठातल्या प्रवेशासाठी काकू तिच्याबरोबर रांगेत उभ्या होत्या. खिडकीमागच्या कारकुनाने विचारलं, "एकच प्रवेश ना?" आणि काकूंच्या तोंडून निघून गेलं, "संध्याकाळचे वर्ग कुठे भरतात हो?"

लेकीने तिथेच कपाळावर हात मारून घेतला. "आई, तू माझ्या विद्यापीठात? माझ्या?"

"तुझं कसलं? सरकारचं आहे. तू सकाळी जा, मी संध्याकाळी जाईन. जिन्यात दिसले तर ओळख दाखवू नकोस, मला राग नाही यायचा."

अशा रीतीने काकू पोरीच्या वयाच्या मुलांबरोबर राज्यशास्त्र शिकायला लागल्या. अर्थात संध्याकाळच्या वर्गात सगळीच पोरं नव्हती. ड्यूटी संपवून येणारी एक नर्स होती, बेकरीत भट्टी सांभाळणारा एक बाप्या होता, सुरक्षारक्षक होते, दुकानांतल्या विक्रेत्या होत्या. कोणी पेंगायचं, कोणी डबा उघडायचं, पण प्रश्न विचारायला ही मंडळी मागे हटायची नाहीत. दिवसभर कोणाचं ना कोणाचं ऐकून घेतलेलं असायचं. संध्याकाळी तोंड उघडायची सोय होती.

या लोकांचं एकच मोठं दुखणं होतं. त्यांचे तास सुटायचे आणि ग्रंथालयाला कुलूप लागायचं. त्याविषयी सभा घ्यावी म्हणून त्यांनी हॉल मागितला, तर कुलसचिवांनी सांगितलं, विषय वादग्रस्त आहे, वातावरण बिघडेल. कुलसचिव म्हणजे विद्यापीठाचा कारभार ज्यांच्या टेबलावरून चालतो ते गृहस्थ. स्वभावाने वाईट नव्हते, पण कुठेही चार माणसं जमली की ते धास्तावायचे. मग संध्याकाळच्या लोकांनी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरच सभा घेतली. दिवसाच्या वर्गांतली मुलंही मदतीला आली. त्यांतला अर्थशास्त्राचा एक उंच, सडपातळ मुलगा सगळ्यांत पुढे उभा राहून ओरडत होता, "विद्यापीठ सरकारी आहे! कोणाच्या घरचं नाही!" माइक नव्हता, वारा सुटलेला, तरी काकूंचं भाषण थेट कुलगुरूंच्या खिडकीपर्यंत पोचलं.

कुलगुरूंनी शेवटी नियमच करून टाकला. विद्यार्थ्यांच्या कुठल्याही मंडळाने अटी पूर्ण केल्या की त्याला मान्यता, हॉल आणि सूचनाफलकावर जागा मिळेल. विषय काय आहे हे विचारायचं नाही. आणि ही मान्यता देण्याचं काम विद्यार्थी परिषदेकडे सोपवलं. ग्रंथालयही उशिरापर्यंत उघडं राहू लागलं.

त्या जोरावर पुढच्या निवडणुकीत संध्याकाळच्या वर्गांनी काकूंना आणि त्या नर्सला परिषदेवर पाठवलं. अध्यक्ष मात्र त्या अपघाताने झाल्या. दिवसाच्या मुलांचे दोन गट होते आणि एकाचं नाव दुसऱ्याला नको होतं. बैठकांवर बैठका झाल्या, खुर्च्या आपटून झाल्या, आणि शेवटी कंटाळून कोणीतरी म्हणालं, "काकूंना करा की! वर्षभर चहा तरी चांगला मिळेल." सगळे हसले आणि हात वर झाले. तो ओरडणारा उंच मुलगा सचिव झाला.

चहा काही मिळाला नाही. काकूंनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की उशिरा येणाऱ्याने दाराशी उभं राहायचं, एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. परिषदेची घटना त्यांनी गाडीच्या कप्प्यात ठेवली होती. शिकणारं गिऱ्हाईक उशिरा आलं की तेवढ्यात दोन पानं वाचून व्हायची. सचिव आणि त्यांचं छान जमलं. तो लिहिणार, त्या बोलणार. लेकही आता जिन्यात ओळख दाखवू लागली होती, निदान मैत्रिणी बरोबर नसतील तेव्हा.

आणि मग टोपीवाला उगवला.

तो दिवसाच्या वर्गातला, गणिताचा विद्यार्थी. ऊन असो नसो, डोक्यावर निळी टोपी. अभ्यासात हुशार आणि बोलण्यात तिखट. त्याने आठ-दहा जणांना घेऊन एक मंच काढला आणि परिषदेकडे मान्यतेचा अर्ज दिला. त्याचं म्हणणं असं, की सरकारी विद्यापीठातल्या जागा मोजक्या, शिक्षक मोजके. ते तरुणांसाठी राखावेत. संध्याकाळचे वर्ग बंद करावेत. ज्यांचं शिकायचं वय उलटलं त्यांनी घरी पुस्तकं वाचावीत. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं, पण त्याने एक पत्रक वाटलं. त्यात लिहिलं होतं, "हे विद्यापीठ आहे, विरंगुळा केंद्र नव्हे. स्वतःच्या मुलांच्या शेजारी बसून दप्तर उघडणाऱ्या काकूंनी आता दप्तर मिटावं."

नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती.

पत्रक काकूंच्या हाती आलं तेव्हा त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी एका दंतवैद्य बाईंना त्या गाडी मागे घ्यायला शिकवत होत्या. पण लक्ष कुठे होतं? मनातल्या मनात टोपीवाल्याला एकेक जबाब देणं चाललं होतं. "अरे, तुझ्या दुधाच्या दातांपासून मी..." इथपर्यंत आल्या आणि गाडी कचऱ्याच्या डब्यावर धाडकन आपटली.

"तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मी घेतच राहिले," दंतवैद्य बाई घाबरून म्हणाल्या.

"चूक माझी," काकू म्हणाल्या. "माझं डोकं जागेवर नव्हतं. चला, पहिल्यापासून."

उतरून त्यांनी डबा सरळ केला, सांडलेलं गोळा केलं. हात पुसता पुसता राग थोडा निवळला आणि एक नको असलेला विचार डोक्यात शिरला. टोपीवाल्याचा अर्ज त्यांनी पाहिला होता. सदस्य पुरेसे होते, सल्लागार म्हणून एका प्राध्यापकांची संमती होती, उद्देश स्पष्ट लिहिला होता. अटी सगळ्या पूर्ण होत्या. त्यात नावाला म्हणून खोट नव्हती. दिवसभर त्या खोट शोधत राहिल्या आणि ती काही सापडेना.

बैठकीच्या दिवशी परिषदेची खोली खच्चून भरली होती. खोली कसली, जुन्या प्रयोगशाळेचाच एक भाग. टेबलांना अजून पाण्याचे नळ होते. सचिवाने अर्ज वाचला आणि लगेच स्वतःच ठराव मांडला. "हा मंच आपल्याच विद्यार्थ्यांचा अपमान करतो. याला मान्यता नाकारावी."

टेबलं वाजली. बेकरीवाला तर उभाच राहिला. सगळे काकूंकडे आशेने बघत होते. आता काकू दोन शब्दांत त्या पोराचं पार भरीत करणार, असं प्रत्येकाला वाटत होतं.

काकू म्हणाल्या, "ते पत्रक माझ्यावर लिहिलंय. वाचून मला झोप आली नाही. त्या मुलाचं म्हणणं मला अजिबात मान्य नाही आणि संधी मिळाली की त्याच्या तोंडावर सांगणार आहे. पण मला एक सांगा, त्याने अट कुठली मोडली?"

"अट नाही मोडली, पण..." सचिव म्हणाला.

"पण काय?"

"काकू, काही मतं अशी असतात की त्यांना दारातूनच परत पाठवायचं असतं."

"मागच्या वर्षी कुलसचिव वेगळं काय म्हणत होते? विषय वादग्रस्त आहे, वातावरण बिघडेल. तेव्हा तूच पायऱ्यांवर ओरडत होतास ना?"

"तो प्रश्न आपल्या हक्काचा होता!"

"आणि हा त्याच्या हक्काचा आहे. अरे, आपण काही मित्रमंडळी नाही. हॉल विद्यापीठाचा, विद्यापीठ सरकारचं, आणि मान्यता द्यायचा अधिकार त्यांनी आपल्या हाती दिलाय. इथे बसून आपण नाही म्हणालो, तर ते सरकारने म्हटल्यासारखंच आहे. आज याचं तोंड आपण बंद केलं, तर उद्या कुलसचिवांना कुठल्या तोंडाने अडवणार?"

खोलीत कुजबुज झाली. नर्स सगळ्यांत मागे बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "काकू, तुम्हाला जमत असेल. मी रात्रपाळी करून परीक्षा देते. माझं शिकणं हा विरंगुळा आहे, असं कोणी हॉलमध्ये माइकवर सांगणार आणि मी ते ऐकायचं?"

काकूंनी खुर्ची तिच्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "ऐकायलाच हवं असं नाही. पण आलीस, तर बोलायला तुझ्याही हातात माइक असेल, एवढं मी बघेन."

मतदान झालं. मान्यता नाकारायच्या बाजूने जवळजवळ सगळे हात वर गेले. सचिवाने निर्णय लिहिला आणि सहीसाठी पुढे सरकवला. काकूंनी तो वाचला आणि परत सरकवला.

"मतदान झालं ते नोंदवून घे. सही मी करणार नाही."

मग जो गदारोळ उठला त्यात कोण काय बोलतंय ते कळेना. एवढं मात्र सगळ्यांना कळलं, की काकूंनी आपल्याच लोकांना तोंडघशी पाडलं.

घरी लेक वाट बघत उभीच होती. बातमी काकूंच्या आधी तिच्या मोबाइलवर पोचली होती. "तो पोरगा तुझी जाहीर टिंगल करतो आणि तू त्याची बाजू घेतेस? माझ्या वर्गात सगळे मला विचारतायत, तुझी आई अशी काय?"

"बाजू कुठे घेतली? त्याला बोलू द्या म्हटलं."

"एकच ते!"

"एकच कसं? तू काल म्हणालीस, मला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये अजिबात बसायचं नाही. मी ऐकून घेतलं की नाही? म्हणजे मला ते पटलं असं झालं का?"

लेक हसू दाबत म्हणाली, "नाही पटलं?"

"मुळीच नाही."

नवरा इस्त्री दुरुस्त करत बसला होता. त्याने मान वर न करता विचारलं, "अगं, पण तुला काढतील ना आता?"

"काढू देत की."

"मग काढल्यावर काय करणार?"

"भांडणार," काकू म्हणाल्या आणि जेवायला बसल्या. त्या दिवशी त्यांना भूकही सडकून लागली होती.

काढलं, आणि पुढच्याच बैठकीत काढलं. अविश्वासाचा ठराव सचिवाने लिहिला होता. शब्द मोठे झोकदार होते. "अध्यक्षांनी सभेत मांडलेल्या मतांमुळे विद्यार्थ्यांच्या भावना दुखावल्या असून अशी मते बाळगणारी व्यक्ती या पदास पात्र नाही." ठराव दणक्यात मंजूर झाला. काकूंनी सगळ्यांसमोर खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. सचिवाने नजर चुकवली. नर्सने विरोधात मत दिलं होतं हे काकूंना नंतर कळलं. "तुमचं पटलं नव्हतं," नर्स म्हणाली, "पण असं बोललं म्हणून काढायचं? उद्या मी पण बोलेन."

निदान टोपीवाला तरी येऊन दोन शब्द बोलेल, असं काकूंना वाटलं होतं. तो फिरकलासुद्धा नाही. उलट सूचनाफलकाजवळ कोणाला तरी सांगताना ऐकू आला, "त्यांचं आपापसात चाललंय, मला काय त्याचं?"

काकूंनी विद्यापीठाच्या तक्रार समितीकडे दाद मागितली. सुनावणी लागायच्या आधी कुलसचिवांनी त्यांना बोलावून घेतलं. चहा मागवला, खुर्ची पुढे केली.

"बाई, एक मार्ग सुचवतो. तुम्ही प्रकृतीच्या कारणाने राजीनामा दिलात असं दाखवू. त्या मंचाचा अर्जही पुढच्या वर्षापर्यंत असाच राहू दे. कोणाचाच पाणउतारा नाही, सगळं थंड होईल."

"सर, माझी प्रकृती ठणठणीत आहे."

"अहो, ते लिहिण्यापुरतं."

"आणि त्या मुलाचा अर्ज? तोही लिहिण्यापुरताच का?"

कुलसचिवांनी कपाळावरून रुमाल फिरवला. "तुम्हाला त्याचा एवढा कळवळा का, तेच मला समजत नाही. तुमच्याविरुद्धच तर बोलतोय तो."

"कळवळा त्याचा नाही, सर. मागच्या वर्षी तुम्ही आम्हाला नाही म्हणालात, तेव्हा तुमच्याशी भांडायला मला तोंड होतं. ते मला पुढेही ठेवायचंय." चहा संपवून काकू उठल्या. "चहा छान होता हं."

सुनावणी प्रशासकीय इमारतीतल्या एका लांबट खोलीत झाली. समितीच्या प्रमुख कायदा विभागाच्या बाई होत्या. आवाज बारीक, पण प्रश्न असे की समोरच्याला जागा बदलून बसावंसं वाटे. लेक मागच्या बाकावर येऊन बसली होती, मैत्रिणींसकट.

बाईंनी सचिवाला विचारलं, "अध्यक्षांनी नियम कोणता मोडला?"

"त्यांनी सही केली नाही."

"ठरावात सहीबद्दल एक अक्षर नाही. इथे लिहिलंय, 'सभेत मांडलेल्या मतांमुळे'. म्हणजे त्या जे बोलल्या त्यासाठी काढलंत?"

सचिव म्हणाला, "बोलण्याने लोक दुखावले, बाई. खरंच दुखावले."

"ते मी मान्य करते. पण निवडून आलेल्या माणसाने सभेत मत मांडायचं नाही, तर मग कुठे मांडायचं? तुम्ही हा ठराव मांडताना जे बोललात त्याने या दुखावल्या नसतील?"

सचिवाने काकूंकडे पाहिलं. काकू त्याच्याकडे पाहत होत्या, पण डोळ्यांत राग नव्हता. तो हळूच म्हणाला, "असतील."

मग बाई काकूंकडे वळल्या आणि त्यांनाही सोडलं नाही. "तुम्ही बरोबर बोललात म्हणून सही रोखायचा अधिकार आपोआप मिळत नाही. बहुमताचा निर्णय चुकीचा वाटला तर अध्यक्षाने आमच्याकडे यायचं असतं. तुम्ही आलात, पण पद गेल्यावर. आधी का नाही आलात?"

"राग आला होता, मॅडम," काकू म्हणाल्या.

"कोणाचा?"

"आधी त्या मुलाचा. मग आमच्या पोरांचा. मग सगळ्यांचाच."

खोलीत हशा पिकला. बाईंच्याही ओठाचा एक कोपरा हलला.

निकाल सोप्या भाषेत आला. मतांसाठी अध्यक्षांना काढणं रद्द, त्यांनी परत खुर्चीवर बसावं. मंचाचा अर्ज परिषदेने पुन्हा घ्यावा आणि फक्त अटी बघाव्यात. विचार पटतात की नाही हे बघण्याचा परिषदेला अधिकार नाही. सहीच्या बाबतीत मात्र काकूंना समज दिली होती. ती त्यांनी बैठकीत स्वतःच मोठ्याने वाचून दाखवली. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "हे मला लागू. आता पुढचं आपल्या सगळ्यांना लागू."

सचिवाने अर्ज उघडला आणि एकेक अट वाचत गेला. प्रत्येक अटीनंतर "पूर्ण" म्हणताना त्याचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा होत होता, पण त्याने एकही शब्द गाळला नाही. काहींनी तरीही विरोधात हात वर केले. मान्यता जेमतेम मंजूर झाली. या वेळी काकूंनी सही केली आणि सचिवाला म्हणाल्या, "पेन चांगलं आहे रे तुझं."

"काकू, मला अजूनही वाटतं, तुम्ही चुकताय."

"वाटू दे की. मी काय तुला काढणार आहे का?"

टोपीवाल्याच्या सभेला हॉल भरला तो त्याच्या विरोधकांनीच. संध्याकाळचे वर्ग झाडून आले होते. टोपीवाला व्यासपीठावर चढला, बोलायला लागला आणि चांगला बोलला. काकूंनाही मनात कबूल करावं लागलं. गावाकडचे त्याचे दोन मित्र गुण असून प्रवेशाविना राहिले होते, त्यांच्याबद्दल तो पोटतिडकीने बोलला. ती गोष्ट पत्रकात कुठेच नव्हती. मधेच बेकरीवाल्याच्या बाजूने आरडाओरडा सुरू झाला. "खाली उतर! खाली उतर!" कुलसचिव दाराशी उभे होते, त्यांचा हात दिव्याच्या बटणाकडे जाताना दिसला.

काकू पहिल्या रांगेतून उठल्या आणि मागे वळल्या. "ए! बसा खाली! त्याचं संपलं की तुमचा नंबर. माइक पळून जाणार नाहीये!"

हा आवाज ऐकून शहरातली वाहनं थांबली होती, तिथे हॉलची काय कथा! सगळे बसले. कुलसचिवांनीही हात खिशात घातला.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा नर्स पहिली उठली. हातात माइक घेऊन तिने आपलं वेळापत्रक सांगितलं. रडक्या सुरात नाही, ड्यूटीवर नव्या मुलीला कामं समजावून सांगावीत तसं. मग म्हणाली, "तुमच्या मित्रांना जागा मिळाली नाही, हे वाईटच झालं. पण ते दिवसाच्या वर्गाला बसणार होते. माझी खुर्ची दिवसा रिकामीच असते. संध्याकाळी मला तिच्यावरून उठवलं, तर दिवसा त्यांना जागा कशी मिळणार?"

टोपीवाला अडखळला. शिक्षकांच्या वेळेबद्दल काही बोलला, तेही अगदीच बिनबुडाचं नव्हतं. मग काकूंनी माइक घेतला.

"ज्यांनी दप्तर मिटावं असं तुझं म्हणणं आहे, त्या काकू मी. माझा प्रश्न साधा आहे. जागा कमी आहेत, हे आम्हालाही दिसतंय. मग जागा वाढवा, असं सरकारला सांगायच्या ऐवजी आम्हाला उठवायचं, हे तुला सोपं वाटलं म्हणून, की योग्य वाटलं म्हणून?"

टोपीवाल्याने टोपी काढली, केसांतून हात फिरवला आणि पुन्हा घातली. "मला अजूनही योग्यच वाटतं," तो म्हणाला. "पण जागा वाढवायची मागणी केली तर मी सही करेन."

टाळ्या पडल्या, त्याच्या बाजूने की काकूंच्या, ते नीट कळलं नाही. सभा संपल्यावर तो काकूंच्या समोर येऊन उभा राहिला. "मॅडम, मी तुमचे आभार वगैरे मानणार नाही. तो माझा हक्कच होता."

"मग? मी मागितले का आभार?" काकू म्हणाल्या. "पण ते दप्तराचं वाक्य फार झोंबलं हं मला. लिहितोस चांगलं."

तो पहिल्यांदाच लाजला. "ते जरा जास्तच झालं होतं," असं काहीतरी पुटपुटून निघून गेला. लेक हे सगळं खांबाआडून बघत होती. मैत्रिणींना घेऊन ती पुढे आली आणि मोठ्याने म्हणाली, "ही माझी आई." मैत्रिणी म्हणाल्या, "माहितीये गं, सगळ्या विद्यापीठाला माहितीये."

संध्याकाळचे वर्ग बंद झाले नाहीत. जागा वाढवायची मागणी दोन्हीकडच्या सह्यांनिशी कुलगुरूंकडे गेली. थोड्या वाढल्या, मागितल्या तेवढ्या नाही. पुढच्या निवडणुकीत काकू आणि नर्स पुन्हा निवडून आल्या, पण अध्यक्षपद काकूंनी स्वतःहून सोडलं. शेवटच्या वर्षाचा अभ्यास बराच होता आणि गिऱ्हाइकंही वाढली होती. सचिव अध्यक्ष झाला. आणि टोपीवाला, जिथे तिथे टीका करत करत, परिषदेवर निवडून आला.

नव्या परिषदेच्या पहिल्याच बैठकीत त्याने ठराव टाकला, की संध्याकाळच्या वर्गांना निम्म्या जागांवर आणावं. दिवसाच्या एका सदस्याने उठून मागणी केली, की असला ठराव मांडूच देऊ नये. सगळ्यांच्या माना काकूंकडे वळल्या. काकू काही बोलल्या नाहीत. बोलला तो नवा अध्यक्ष. "मांडू द्या त्याला," तो म्हणाला. "नीट मांडू द्या. मग मी त्याला सोलतो."

टोपीवाल्याने मांडला, अध्यक्षाने सोलला, नर्सने उरलासुरला सोलला. काकूंनी विरोधात हात वर केला आणि ठराव पडला. मग घड्याळाकडे बघून त्यांनी वह्या गोळा केल्या, कारण तास सुरू झाला होता आणि आजचे शिक्षक उशिरा येणाऱ्याला आत घेत नसत.